आमच्या गाडीचं हाफ इंजिन

माझ्या नवऱ्याला लकवा मारला, त्याच्या कितीतरी आधीपासून आमची गाडी निळा धूर सोडत होती. सकाळी सुरू व्हायला वेळ लावायची, चढावर मागे पडायची आणि प्रत्येक लांबच्या फेरीनंतर ऑइल मागायची. डिझेलवर चालणारी, मागे समोरासमोर बाकं असलेली जुनी गाडी. त्यांनी ती दुसऱ्याच्या हातची घेतली होती आणि मग स्वतः इतकी चालवली, की किलोमीटर दाखवणारा काटा कधी बंद पडला तेही आम्हाला आठवत नाही. पेशंट नागपूरला न्यायचे, लग्नाची माणसं आमगाव-देवरीला पोचवायची, नाहीतर स्टेशनवर सवारीची वाट पाहत उभं राहायचं. मी घरी ब्लाउज शिवते. गोंदियाला लागूनच असलेल्या कुडव्याला, बुद्ध विहाराच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर आहे. एकुलती मुलगी नर्सिंगच्या नोकरीला नागपुरात.

पावसाळा लागायच्या सुमारास एका सकाळी ते नळावर तोंड धुता धुता खाली बसले आणि त्यांना उठताच येईना. उजवा हात, उजवा पाय गेला. जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले की व्यायाम नियमित केला तर पायात थोडं बळ येईल, हाताचं सांगता येत नाही. मी त्यांची खाट ओसरीत टाकली. समोर अंगणात गाडी उभी. पूर्ण पावसाळा ती तशीच उभी राहिली. चाकांवर वेल चढला, सीटवर बुरशी धरली. ते दिवसभर गाडीकडे पाहत पडून राहायचे. बोलणं जवळजवळ बंदच. भूक लागली तरी सांगायचे नाहीत.

दिवाळी झाल्यावर एक भंगारवाला आला. कोणी पाठवला माहीत नाही, कदाचित गल्लीतून जाता जाता त्यानं पाहिली असेल. बॉनेट उघडून त्यानं आत डोकावलं आणि म्हणाला, "भाभी, इंजन में कुछ बचा नहीं. लोहे का भाव लगेगा. आज ही उठा लूँगा."

मी विचार करून सांगते म्हणाले. मुलीनं फोनवर, "आई, विकून टाक, बाबा आता थोडीच चालवणार आहेत," असं सांगितलं होतं आणि मलाही ते पटत आलं होतं. भंगारवाला गेला. मी चहा घेऊन ओसरीत आले तर ते म्हणाले, "खाट फिरव."

"कोनीकडं?"

त्यांनी डाव्या हातानं भिंत दाखवली.

मी खाट फिरवली. त्यांचं तोंड भिंतीकडे झालं. मी चहा पाजला, कप विसळायला आत गेले आणि चुलीजवळ नुसती उभी राहिले. रडू आलं नाही. राग आला, पण कोणाचा ते कळेना. ओढणी घेतली आणि तशीच मिस्त्रीकडे चालत निघाले.

मिस्त्रीचं गॅरेज गोंदियाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. वर टिनाचे पत्रे, खाली ऑइलनं काळी पडलेली जमीन, आणि बाजूला राईस मिलचा भुसा उडत असतो तो सगळ्यावर बसतो. आमच्या गाडीचा एकेक नट त्या माणसानं कधी ना कधी उघडलेला. माझा नवरा आणि तो रोज भांडायचे आणि रोज सोबत चहा प्यायचे. लकव्यानंतर तो घरी एकदाच आला होता, खाटेजवळ बसला, काही न बोलता उठून गेला. मला तेव्हा वाईट वाटलं होतं.

"मिस्त्री," मी म्हटलं, "गाडी पाहून द्या. सुधरते का नाई तेवढं सांगा."

तो बॅटरी सायकलच्या कॅरिअरला बांधून माझ्यासोबत आला. बऱ्याच खटपटीनंतर गाडी सुरू झाली आणि गल्ली धुरानं भरली. चालू इंजिनवरच त्यानं ऑइल टाकायच्या जागेचं झाकण काढलं. आतून भकभक धूर बाहेर येत होता, चुलीवर ओलं लाकूड ठेवल्यावर येतो तसा.

"पाहा वैनी, बॅक मारून राहिली. पिष्टनच्या रिंगा घासल्या, अन् ज्या नळीत पिष्टन चालते तेबी घासली. आतला जोर खाली निसटते, अन् ऑइल वर येऊन जळते."

"मंग काय कराचं?"

"फुल इंजिन कराचं म्हटलं तर नवे पिष्टन, नवी नळी, लेथवरचं काम. तेवढ्यात दुसरी गाडी येईल."

मी आत जाऊन शिलाईचे साठवलेले पैसे आणले. ते त्याच्यापुढे धरले. त्यानं मोजले नाहीत, हातात घेऊन नुसता अंदाज घेतला आणि परत दिले.

"एवढ्यात हाफ इंजिन होईल," तो म्हणाला. "नव्या रिंगा, नवे बेअरिंग. नळी आहे तेच, थोडी घासून घेऊ. दोन-तीन पावसाळे काढन. त्याच्या पुढचं मी सांगत नाई. अन् धुणंपुसणं तुमाले करा लागन, मजुरी वाचन."

"चालवन कोन?" तो मग हळूच म्हणाला.

"मी."

माझ्याकडे लायसन होतं. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी त्यांनीच हौसेनं काढून दिलेलं. सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर मी कधी कधी गाडी चालवली होती, तेवढाच सराव. मिस्त्रीनं मान हलवली, वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवसापासून इंजिन उघडायला सुरुवात झाली. गाडी गॅरेजला ओढून नेली. मी दुपारचं जेवण उरकून, त्यांना औषध देऊन जायची आणि दोन तास डिझेलच्या घमेल्यात सुटे भाग धूत बसायची. एवढी वर्षं ज्या गाडीवर घर चाललं तिच्या पोटात काय काय असतं ते मी पहिल्यांदाच पाहिलं. मिस्त्रीनं माझं बोट धरून नळीच्या आत वरच्या टोकाला फिरवलं. नखाला एक कडा लागली. "इथपर्यंत रिंग येते, मनून खालची जागा झिजली, वरची तशीच राहिली," तो म्हणाला. जुन्या रिंगा हातात घेतल्या तर कडेला पातळ झालेल्या, जुन्या बांगडीसारख्या. घरी आल्यावरही नखांत काळं राहायचं. लोकांच्या ब्लाउजला डाग लागू नये म्हणून मी लिंबू आणि राखेनं हात घासायची.

इंजिनचं वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, त्यात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व असतात. ते आपापल्या जागेवर घट्ट बसत नव्हते. बाहेरून करून आणलं तर पैसे गेले असते. मिस्त्री म्हणाला, "पेस्ट लावून घासा लागते. घरी घेऊन जा. ताक घुसळता न? तसंच. पन जोर नाई लावाचा."

एका पोत्यावर ते जड हेड त्यानं अंगणात आणून ठेवलं. सोबत करड्या पेस्टची डबी आणि एका टोकाला रबराची वाटी असलेली लाकडी काडी. ती वाटी व्हॉल्वला चिकटवायची, काडी दोन तळहातांमध्ये धरून मागे-पुढे फिरवायची, मधून मधून व्हॉल्व उचलून जागा बदलायची. मी घासायला बसले. खर्र खर्र असा आवाज येऊ लागला.

खाट भिंतीकडेच होती. थोड्या वेळानं तिची दोरी करकरली. मी वळून पाहिलं. ते मान वळवून माझ्याकडे पाहत होते.

"तसं नाई," ते म्हणाले.

खाट फिरव म्हणाले त्यानंतर मला नीट समजलेले ते पहिले दोन शब्द. मी उठले, खाट फिरवली आणि अंगणाच्या कडेपर्यंत ओढत आणली. हेड उचलून खाटेशेजारी स्टुलावर ठेवलं. त्यांना उशी लावून बसवलं. त्यांनी डाव्या हातात काडी घेतली. एका हातानं ती फिरेना. दोन-तीनदा प्रयत्न केला आणि चौथ्यांदा काडी फेकून दिली. ती जाऊन न्हाणीजवळ पडली. मी उचलून आणली, पुसली. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. काडी व्हॉल्ववर उभी धरली, माझा उजवा तळहात एका बाजूनं लावला आणि म्हटलं, "तुमचा डावा लावा."

त्यांनी लावला नाही. मी तशीच हात लावून बसून राहिले. शेवटी त्यांचा तळहात काडीच्या पलीकडून आला.

आधी जमलंच नाही. मी पुढे ढकलायची तेव्हा तेही पुढे ढकलायचे आणि काडी पडायची. मग ते तोंडानं हं, हं करू लागले आणि त्या हुंकारावर आमचे हात उलटसुलट चालायला लागले. त्यांचा तळहात माझ्या ओळखीचा होता, स्टिअरिंगनं घट्टे पडलेला. पण इतक्या महिन्यांच्या आजारानं तो मऊ पडला होता. मला ते हाताला कळत होतं. शेजारची एक बाई कपडे वाळत घालता घालता थांबून पाहत राहिली, मग आत निघून गेली.

रोज दुपारी एक, फार तर दोन व्हॉल्व व्हायचे. ते थकायचे. झाल्यावर मी हेड उलटं करून व्हॉल्वभोवतीच्या खळग्यांत रॉकेल ओतायची. खाली ओल आली की व्हॉल्व नीट बसला नाही असं समजायचं. शेवटचा व्हॉल्व मला ठीक वाटला होता. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "गळते." खरंच एक बारीक थेंब धरला होता. तो पुन्हा घासला. त्या दिवशी रात्री त्यांनी स्वतःहून भाकर मागितली.

मिस्त्रीनं इंजिन जोडलं त्या सकाळी मी त्यांना ऑटोनं गॅरेजला नेलं. खुर्चीवर बसवलं. गाडी सुरू झाली तेव्हा आधी भरपूर धूर आला आणि मी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाला, "थांबा, नवं जोडलं की आत लागलेलं ऑइल जळते." आम्ही थांबलो. धूर हळूहळू विरळ झाला आणि मग मागे सायलेन्सरच्या तोंडाशी नुसती गरम हवा थरथरताना दिसू लागली. मिस्त्रीनं ऑइलचं झाकण काढून त्या तोंडावर आपला तळवा धरला, मग त्यानं आणि मी माझ्या नवऱ्याला दोन्ही बाजूंनी आधार देऊन उभं केलं आणि मिस्त्रीनं त्यांचा डावा हात घेऊन तिथे ठेवला. पूर्वी तिथून भकभक धूर यायचा. आता अगदी हलकी वाफ येत होती.

त्यांनी हात लवकर काढला नाही.

नवं काम केलेलं इंजिन सुरुवातीला हळू चालवायचं असतं. मी त्यांना शेजारी बसवून रोज थोडी थोडी चालवू लागले. पहिले काही दिवस मी रस्त्याच्या कडेकडेनंच चालवायची. ट्रक मागून हॉर्न द्यायचे. ते डाव्या हाताच्या बोटांनी गिअर कितवा टाकायचा ते दाखवायचे. एक दिवस आम्ही तिरोड्याच्या बाजूनं बोदलकसाच्या तलावापर्यंत गेलो. धानाची कापणी संपत आली होती, शेताच्या बांध्यांमध्ये कापून ठेवलेल्या कडपा पडल्या होत्या. परत फिरताना इंजिनमधून एक बारीक ठोका येऊ लागला. ठक, ठक, असा.

त्यांनी हात वर केला. "थांब."

मी गाडी कडेला घेतली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "बेअरिंग."

बेअरिंग गेलं असेल तर इंजिनच संपलं, एवढं मला तोपर्यंत कळायला लागलं होतं. कुडव्यापर्यंत गाडी आणेस्तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पैसे उरले नव्हते आणि कोणाकडे मागायचे नाहीत हे मी आधीच ठरवलं होतं.

मिस्त्रीनं गाडी चालू ठेवून ऐकली. बॉनेटवर झुकला, बाजूला गेला, पुन्हा आला. "मले नाई वाटत, भाऊ. वरचा आवाज हाय," तो म्हणाला.

"बेअरिंग," माझा नवरा म्हणाला. आवाज चढला होता. "खालचं. उघड."

"भाऊ..."

"उघड म्हटलं न!"

तोंडातून लाळ आली. मी पुसायला गेले तर त्यांनी माझा हात झटकला. मिस्त्रीनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि पोतं अंथरून गाडीखाली शिरला. नवं ऑइल काढून घेतलं, खालचं पात्र सोडवलं. दुपारभराचं काम होतं ते. त्यांना खुर्चीवर बसवून मी सिमेंटच्या ठोकळ्यावर बसून होते. एकेक बेअरिंग काढून त्यानं माझ्या नवऱ्याच्या मांडीवर फडक्यात ठेवलं. त्यांनी डावा अंगठा त्यावरून फिरवला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. गुळगुळीत होतं. ओरखडासुद्धा नव्हता.

मिस्त्रीनं सगळं जसंच्या तसं बसवलं. काढलेलं ऑइल माझ्याकडच्या मलमलीच्या अस्तरातून गाळून परत आत ओतलं. मग पाना घेऊन त्यानं वर बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोचा एक ढिला बोल्ट आवळला आणि गाडी सुरू केली. ठोका बंद झाला होता.

मिस्त्रीनं इंजिन चालूच ठेवलं.

"तुले," माझा नवरा म्हणाला, "माईत होतं."

मिस्त्री हात पुसत होता. तो खोटं बोलू शकला असता. "होतं," तो म्हणाला.

"मंग काऊन उघडलं?"

"तुमी म्हटलं म्हून. इतके वर्ष तुमी आवाज सांगत आले अन् मी उघडत आलो. एका दिवसात ते कसं मोडू, भाऊ?"

त्यांनी मान खाली घातली. खांदा हलायला लागला तेव्हा मला कळलं की ते रडताहेत. लकवा मारल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मिस्त्री खुर्चीजवळ उकिडवा बसला, बसूनच राहिला. एक गिऱ्हाईक दुचाकी घेऊन आलं, त्याला त्यानं हातानंच नंतर ये म्हणून सांगितलं. त्या कामाचे पैसे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "वैनी, कायले विचारता," आणि आत गेला. लकव्यानंतर तो घरी येऊन काही न बोलता उठून गेला होता, त्याचं मला वाटलेलं वाईट तेव्हा निघून गेलं.

घरी आल्यावर संध्याकाळी ते म्हणाले, "मले आता समजत नाई."

मी भाजी चिरत होते. त्यांना बरं वाटावं म्हणून काहीतरी म्हणावं असं आधी वाटलं. पण दिवसभर जे डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यानंतर गोड बोलणं मला जमेना.

"थोडं समजते, थोडं नाई," मी म्हटलं. "मलेबी तसंच हाय."

पुढचे काही दिवस गाडीचा विषयच निघाला नाही. मी त्यांना रोज गोंदियाला व्यायामाला नेत होते, ते शेजारच्या सीटवर बसून खिडकीबाहेर पाहायचे. गिअर दाखवणारी बोटं मांडीवर पडून राहायची. मला वाटलं, आता हे पुन्हा गप्प होतील. मी मुद्दाम विचारायची, "तिसरा टाकू का?" ते कधी मान हलवायचे, कधी ऐकलंच नाही असं करायचे. मग एके दिवशी बाजारात मी ब्रेक उशिरा दाबला, समोरच्या ऑटोला लागता लागता गाडी थांबली, आणि ते ओरडले, "पाहून चालव न! झोपून राहिली का?" मी खूप दिवसांनी हसले. त्यांनाही थोडं हसू फुटलं, अर्ध्याच तोंडानं.

पहिली सवारी गल्लीतलीच होती. एका घरच्या मुलाचं लग्न जुळत होतं आणि त्यांना नवेगाव बांधला मुलीकडे जायचं होतं. बाई चालवणार म्हटल्यावर त्यांच्यातली म्हातारी दारात थांबली, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पदर खोचून चढली. माझा नवराही येतो म्हणाला. मी नको म्हणाले नाही.

गोरेगावपर्यंत ते सूचना देत होते. पुढे रस्ता मोकळा झाला, दोन्ही बाजूंनी झाडं लागली. गाडी एका लयीत चालत होती. मी आरशात पाहिलं, मागे धूर नव्हता. कोहमारा गेल्यावर माझ्या लक्षात आलं की बऱ्याच वेळात त्यांचा आवाज आला नाही. पुन्हा काही मनाला लागलं की काय म्हणून मी वळून पाहिलं. ते झोपले होते. डोकं दाराच्या काचेला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं, डावा हात सैल पडलेला.

मी त्यांना त्या गाडीत कधीच झोपलेलं पाहिलं नव्हतं. नागपूरच्या रात्रीच्या फेऱ्या करून आले तरी ते गाडीतून उतरून, घरात येऊन, हातपाय धुऊन मगच झोपायचे. मी खड्डा आला की वेग आणखी कमी करू लागले. मागून म्हातारी म्हणाली, "बाई, हरू काऊन चालवून राहिली?" मी तिला बोटानं तिकडे दाखवलं. ती पुढे झुकली, पाहिलं, आणि मागे सरून बसली. मग मागच्यांचं बोलणंही खालच्या आवाजात चालू झालं.

नवेगावला पाहुणे उतरले. मी तळ्याच्या बाजूला सावलीत गाडी लावली आणि इंजिन लगेच बंद केलं नाही, आवाज थांबला तर त्यांना जाग येईल म्हणून. पण डिझेल जळत होतं. शेवटी चावी फिरवली. त्यांनी डोळे उघडले, बाहेर पाहिलं, तळं ओळखलं.

"आलो?"

"आलो."

"काऊन नाई उठवलं?"

"कायले उठवू?" मी म्हटलं.

दार उघडून दिलं तसे ते वाऱ्याला बसून राहिले. इंजिन थंड होईपर्यंत मी घरून आणलेल्या डब्यातला भात त्यांना भरवला आणि मीही खाल्ला. मग बॉनेट उघडून ऑइल मोजायची काडी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली आणि त्यांच्यापुढे धरली. थोडं कमी झालं होतं. "टाक," ते म्हणाले. मी टाकलं.